वाचकांचे प्रश्न : छोट्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर खाली वळवताना

प्रश्न : माझ्याकडे 22 अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, टर्बो नसलेला छोटा डिझेल ट्रॅक्टर आहे. सायलेन्सर बॉनेटवर उभा असल्यामुळे फळझाडांच्या ओळींतून जाताना तो फांद्यांत अडकतो, पानाफळांवर काजळी बसते आणि समोरचा वारा असला की धूर थेट तोंडावर येतो. धुराची नळी खाली वळवून ट्रॅक्टरच्या बुडाखालून पार मागे नेण्याचा विचार आहे. वेल्डिंग करणाऱ्या कारागिराकडे सध्याच्या नळीपेक्षा थोडी बारीक नळी शिल्लक आहे. ती वापरली तर चालेल का?

उत्तर : बारीक नळी वापरू नये. कारागिराकडे उरलेल्या मालावरून नळीचा व्यास ठरण्याचा प्रकार नवा नाही. मात्र इंजिनाला त्याची किंमत रोज मोजावी लागते. समजा, आपले इंजिन 1.1 लिटरचे आहे आणि ते मिनिटाला 2600 फेऱ्यांवर चालते. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढते, म्हणजे मिनिटाला सुमारे 1400 लिटर हवा आत जाते. तीच हवा 450 अंश सेल्सिअसच्या आसपास तापून बाहेर पडते तेव्हा तिचे आकारमान सुमारे अडीचपट झालेले असते. आतून 40 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून हा वायू सेकंदाला 45 मीटरच्या आसपास वेगाने जातो. नळी 32 मिलिमीटरची केली तर वेग 70 मीटरच्या पुढे जातो आणि दाबातील घट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने तेवढ्याच लांबीच्या नळीतला अडथळा तिप्पट होतो. हा अडथळा म्हणजेच बॅक प्रेशर. ते वाढले की जळालेला वायू सिलिंडरमधून पुरता बाहेर पडत नाही, ताज्या हवेला जागा कमी मिळते, धूर काळा होतो, डिझेल अधिक लागते आणि झडपा व मॅनिफोल्ड (सर्व सिलिंडरांचा धूर एका नळीत आणणारा भाग) जास्त तापतात. नळी लांबणार असेल तर व्यास मूळचाच ठेवावा किंवा एक माप मोठा घ्यावा.

वळणांचेही तसेच आहे. दोन नळ्या तिरप्या कापून कोपऱ्यात जोडल्या तर होणारा अडथळा गोल वळवलेल्या बेंडपेक्षा कित्येक पट असतो. बेंडची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान दीडपट असावी आणि वळणांची संख्या शक्य तितकी कमी ठेवावी.

आता मागे नेण्याविषयी. हा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या ट्रॅक्टरच्या बुडाखाली मोकळी जागा मुळातच थोडी असते. तिथून हायड्रॉलिकच्या नळ्या, ब्रेकचे दुवे, काही ट्रॅक्टरांत गवत कापणीच्या अवजाराकडे जाणारा मधला पीटीओ (इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा फिरता दांडा) आणि विजेच्या तारा जातात. खालची नळी उंच गवतातून, काडीकचऱ्यातून घासत जाते. पूर्ण भारावर मॅनिफोल्डजवळचा वायू 400 ते 600 अंशांपर्यंत तापू शकतो आणि वाळलेले गवत 300 अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर साचून राहिले तर पेट घेऊ शकते. शिवाय मागे अवजार जोडताना आपण वाकून काम करतो, ते नेमके गरम नळीच्या शेजारी.

त्याऐवजी सायलेन्सर इंजिनाच्या बाजूला आडवा बसवून नळीचे तोंड पुढच्या चाकाच्या मागे आणि चालकाच्या पुढे, बाहेरच्या अंगाला काढावे. यात एकूण लांबी फारशी वाढत नाही. अनेक इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एका बाजूला आणि डिझेल पंप व फिल्टर दुसऱ्या बाजूला असतात. अशा वेळी मॅनिफोल्डच्याच बाजूने खाली उतरावे, इंजिनाच्या खालून पलीकडे नेऊ नये. नळीचे तोंड जमिनीकडे सरळ रोखलेले नसावे, कारण गरम झोत थेट वाळक्या गवतावर पडतो आणि धूळही उडते. ते आडवे, बाहेर आणि किंचित मागे वळलेले असावे. हवेच्या फिल्टरचे तोंड मात्र या झोताच्या वाटेत येता कामा नये, नाहीतर काजळीने फिल्टर लवकर भरतो. बहुतेक ट्रॅक्टरांचा पंखा रेडिएटरमधून हवा ओढून इंजिनावरून मागे ढकलतो, त्यामुळे बॉनेटखालच्या सायलेन्सरची उष्णता चालकाच्या पायांवर येते. सायलेन्सर आणि पाय, तसेच सायलेन्सर आणि रबरी नळ्या यांच्यामध्ये थोडी मोकळी हवा ठेवून पत्र्याचे कवच लावावे.

काम सुरू करण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे आणि पुढच्या अ‍ॅक्सलची एक बाजू जॅकने उचलून तो कमाल किती झुलतो तेही पाहावे. सपाट जमिनीवर चार बोटे मोकळी दिसणारी नळी खड्ड्यात टायरला लागते.

जोडणीत बहुतेकांचे लक्ष वेल्डिंगवर असते, पण नळी तुटते ती आधार चुकल्यामुळे. मॅनिफोल्ड ज्या धडाला बोल्टने बसवलेला आहे, त्याच इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या धडावरून सायलेन्सरला आधार द्यावा. एक टोक इंजिनाला आणि दुसरे मडगार्डला बांधले तर दोन्ही वेगवेगळे थरथरतात आणि मधला सांधा काही काळातच तडकतो. याखेरीज साध्या पोलादाची एक मीटर नळी 400 अंशांनी तापली की जवळपास 5 मिलिमीटर लांबते, म्हणून पहिला आधार घट्ट आणि पुढचा सरकू देणारा हवा. लांबी जास्त असेल तर मध्ये बेलोजचा (घड्या असलेल्या नळीचा) लवचीक जोड घालावा. ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या चौकटीला मात्र भोक पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये, कारण त्याने तिची ताकद भरवशाची राहत नाही.

जस्ताचा मुलामा असलेली पाण्याची नळी वापरू नये. तिच्या वेल्डिंगच्या धुराने कारागिराला थंडीताप भरतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी आणि शक्य तेवढे वेल्डिंग नळी ट्रॅक्टरवरून काढूनच करावे. मॅनिफोल्डचे जुने स्टड (इंजिनात रुतवलेले, डोके नसलेले बोल्ट) गंजलेले असतील तर जोर लावल्यास ते आतच तुटतात. जिथे जमेल तिथे तो सांधा न उघडता त्यापुढच्या फ्लॅंजपासून (नळीच्या बोल्टने जोडायच्या कडेपासून) बदल करावा.

आडव्या सायलेन्सरमध्ये पाणी साचते, हे अनेकांना पटत नाही. एक किलो डिझेल जळताना किलोभराहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपात तयार होते आणि थंड नळीत त्या वाफेचे पुन्हा पाणी होते. सर्वांत खालच्या जागी 3 मिलिमीटरचे एक भोक ठेवले की पुरते.

शेवटी मोजणी. जुना सायलेन्सर काढण्यापूर्वीच मॅनिफोल्डनंतरच्या सरळ भागात पोलादाची एक बारीक नळी जोडून घ्यावी, तिला हातभर लांबीनंतर पारदर्शक नळी लावून ती यू आकारात पाण्याने अर्धी भरावी आणि अवजार लावून पूर्ण भारावर दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक पाहावा. 1 मीटर फरक म्हणजे सुमारे 10 किलोपास्कल. बदलानंतर हीच मोजणी पुन्हा करावी. आकडा इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतील कमाल मर्यादेच्या आत आणि जुन्या आकड्याच्या जवळपास हवा.

प्रश्न : उष्णता अडवण्यासाठी नळीवर काचतंतूची पट्टी गुंडाळली तर पत्र्याचे कवच लागणार नाही ना?

उत्तर : कवचच लावावे. पट्टीखाली ओल अडकून साधे पोलाद आतल्या आत गंजते आणि एखाद्या सांध्यातून डिझेल किंवा हायड्रॉलिक तेल ठिबकले तर पट्टी ते शोषून धरते. पुढे नळी तापली की ते पेटू शकते.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर 40 अश्वशक्तीचा असून त्यात काजळी गाळणारा फिल्टर आहे. मलाही नळी खाली घ्यायची आहे. फिल्टरची जागा बदलता येईल का?

उत्तर : फिल्टर, त्याचे तापमान-सेन्सर आणि दाबातील फरक मोजणाऱ्या नळ्या यांना हात लावू नये. इंजिन ते फिल्टर हे अंतर वाढले तर वायू वाटेत थंड होतो, साचलेली काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते आणि फिल्टर तुंबतो. शिवाय अनेक देशांत अशी छेडछाड बेकायदेशीर आहे. फिल्टरनंतरची शेपटी, म्हणजे शेवटची नळी, तेवढी वळवावी, तीही व्यास न घटवता. काजळी जाळताना तोंडाशीही वायू फार तापलेला असतो, म्हणून त्या वेळी ट्रॅक्टर वाळक्या गवतावर उभा करू नये आणि बंद छपराखालीही चालू ठेवू नये.