उलटी व्हायच्या आधीच

भूल विभागातली पहिलीच पोस्टिंग ना? मग ऑपरेशननंतरची उलटी टाळायला सध्या एवढंच धर.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला विचार: अक्कलकोटच्या एसटीत गाडी लागते का? मागच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का? पेशंट बाई असणं, विडी-सिगारेट न ओढणं, नंतर मॉर्फिनसारखं औषध लागणं, यानेही धोका वाढतो. (सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका खूप. वळते म्हणजे ओढते, असं परस्पर लिहू नकोस!)

धोका दिसला की दोन वेगळ्या गटांतली औषधं:
- डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) ४ ते ८ मिग्रॅ, भूल चढल्यावर. जाग्या पेशंटला भरकन दिलंस तर नको तिथे खाज सुटते. मधुमेह असेल तर साखर बघ.
- ऑन्डान्सेट्रॉन (सेरोटोनिनला अडवणारं) ४ मिग्रॅ, ऑपरेशन संपताना.

तरीही सहा तासांत उलटी झालीच, तर ऑन्डान्सेट्रॉनच परत नको, गट बदल.