गाण्याआधीची तीन नावं

चि. मुक्ता,

परवा हॅनोव्हरहून परतताना गाडीत तू विचारलंस, "आई, गाणं लावायच्या आधी तू आणि आजोबा एवढी नावं का घेता? माझ्या मैत्रिणी फक्त गाणाऱ्याचं नाव सांगतात." तेवढ्यात आपलं वळण चुकलं आणि उत्तर राहून गेलं. तुला आता मराठी सलग वाचता येतं, म्हणून लिहूनच देते.

माझ्या लहानपणी सकाळी घरात आकाशवाणी लागलेली असायची. प्रत्येक गाण्याआधी निवेदिका सांगायची, गीत कोणाचं, संगीत कोणाचं, गायलंय कोणी. आजी माझी वेणी घालत असायची आणि आजोबा सुरुवातीचा वाद्यमेळ ऐकून, पुढच्या वेळी निवेदिकेच्या आधीच नावं सांगायचे. ती सवय मला तिथूनच लागली. पण ही रीत रेडिओच्या फार आधीची आहे. आपल्या संतांनी अभंगातच नाव गुंफून ठेवलं. "तुका म्हणे", "नामा म्हणे", "जनी म्हणे" असं शेवटी आलं, की दळताना गाणाऱ्या बाईलाही कळायचं, हे बोल कोणाचे. याला नाममुद्रा म्हणतात.

आता 'इंद्रायणी काठी' घे. भीमसेन जोशींचा तो आवाज तुला आवडतो. मागे इथल्या आषाढीच्या कार्यक्रमात एका काकांनी "आता पारंपरिक अभंग" असं म्हणून ते गायलं. आजोबा तेव्हा आपल्याकडे आले होते. गाणं संपेपर्यंत ते शांत बसले, मग काकांजवळ जाऊन हळूच म्हणाले, "फार छान गायलात. पण हे गदिमांचं आहे, आणि चाल पुलंची." काकांना खरंच माहीत नव्हतं. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी ते लिहिलं आणि पु. ल. देशपांड्यांनी चाल दिली. चूक होणं अगदी साहजिक आहे, कारण गदिमांनी ते अभंगाच्या मापातच बसवलंय. बोटांवर मोजून बघ: इंद्रायणी काठी, सहा अक्षरं. देवाची आळंदी, सहा. लागली समाधी, सहा. ज्ञानेशाची, चार. असं माप जुळलं आणि वर भीमसेनजींचा आवाज, की ऐकणाऱ्याला ते सातशे वर्षांपूर्वीचं वाटतं. फक्त शेवटी "गदिमा म्हणे" नाही. म्हणून ते आपण म्हणायचं. मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं. ज्याने शब्द जुळवले त्याचं नाव गळून पडावं आणि आपण मात्र ते शब्द गुणगुणत राहावं, हे बरं नाही.

याच गदिमांनी आणि सुधीर फडक्यांनी, म्हणजे बाबूजींनी, पुणे आकाशवाणीसाठी 'गीतरामायण' केलं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पहिलं गीत लागलं. पुढे दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल. वर्षाची बावन्न व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि छप्पन झाली. पुण्यात अजून सांगतात, की पहिल्या गीताचा कागद ऐन ध्वनिमुद्रणाच्या वेळी सापडेना. गदिमा खूप चिडले आणि मग तिथेच बसून त्यांनी गीत पुन्हा लिहिलं.

उलट, कुणी स्वतःचं नाव झाकलं असंही झालंय. 'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटातलं 'ऐरणीच्या देवा' तू ऐकलंयस. संगीतकार म्हणून तिथे नाव होतं आनंदघन. राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन काही उठेनात. शेवटी निवेदकानेच सांगितलं, की त्या इथेच बसल्या आहेत, लता मंगेशकर. गाणाऱ्या बाईचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, चाल बांधणारी बाई मात्र तोवर कुणाला दिसली नव्हती.

आणि आता हॅनोव्हर, ज्यामुळे मला हे सगळं आठवलं. आपल्याकडे सुरुवातीला जी गाणी मुद्रित झाली, त्यांच्या तबकड्या भारतात बनतच नव्हत्या. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान या गायिकेचं गाणं मेणावर घेतलं गेलं आणि ते बोटीने इथे जर्मनीत, हॅनोव्हरच्या कारखान्यात आलं. इथल्या कामगारांना आपली भाषा कळेना, मग कुठल्या तबकडीवर कोणाचं नाव चिकटवायचं? म्हणून गाणं संपताच ती इंग्रजीत मोठ्याने सांगायची, माझं नाव गौहर जान. त्या काळच्या कितीतरी तबकड्यांच्या शेवटी अशी नावं ऐकू येतात. पुढे १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या तिथेच निघू लागल्या. परवा आपण त्याच हॅनोव्हरमध्ये ट्रामची वाट पाहत उभ्या होतो. हे तुझ्या मैत्रिणींना नक्की सांग, त्यांचंच गाव आहे.

रविवारी आजोबांचा फोन येईल तेव्हा 'इंद्रायणी काठी'ची तिन्ही नावं तू सांग. आणि शेवटची ओळही मोजून बघ. त्यातली शेवटची चार अक्षरं आहेत 'मुक्ताबाई'. तुझं नाव आम्ही तिथूनच घेतलं.

तुझी,
आई