सिनेमा ‘अंगावर येतो’ म्हणजे आवडला की नाही आवडला?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की घरी सगळ्यांनी मिळून ‘सैराट’ परत बघितला, संपल्यावर तुमचा भाऊ म्हणाला शेवट अंगावर येतो, वहिनी म्हणाल्या हो ना, फारच अंगावर येतो, आणि जरा वेळानं लक्षात आलं की भाऊ कौतुक करतोय आणि वहिनी तक्रार करतायत. मग वाद सिनेमावरून सुटला आणि शब्दावर आला, खरा अर्थ कोणता, चुकलं कोण.

माझ्या मते दोघंही बरोबर मराठी बोलले. ‘अंगावर येणे’ यात चांगलं-वाईट हा निवाडाच नाहीये, त्यात फक्त जोर आहे. समोरची गोष्ट आपल्यातलं अंतर तोडून आपल्यापर्यंत आली एवढंच तो शब्द सांगतो. ती आली ते बरं झालं की नाही हे बोलणाऱ्यानं दुसऱ्या शब्दात सांगायचं असतं, आणि आपण बहुतेक वेळा ते सांगतच नाही, सुरावरून ओळखा म्हणतो.

मुळात हा धाकाचा शब्द. बैल अंगावर येतो, कुत्रं अंगावर येतं, भांडणात माणूस अंगावर येतो. आपल्या सोलापुरात तर “अंगावर यालास का बे?” असं कुणी विचारलं की पुढं काय होणार ते बघणाऱ्यालाही कळतं. तिथून तो शब्द निर्जीव गोष्टींकडं गेला. भिंतीचा रंग अंगावर येतो, साडीचे काठ अंगावर येतात, लग्नातल्या स्पीकरचा आवाज अंगावर येतो, आणि इथं मात्र अर्थ पक्का तक्रारीचाच आहे, रंग अंगावर येतो असं म्हणून कुणी ती साडी घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. एखादा नट अंगावर येतो म्हणजेही तो गरजेपेक्षा जास्त करतोय. वहिनींचा वापर या वाटेनं आलाय, आणि ही वाट जुनी आहे.

भावाचा वापर दुसऱ्या वाटेचा. नाटक-सिनेमाबद्दल बोलताना हाच शब्द कौतुकाचा झाला, कारण तिथं प्रेक्षक स्वतः तिकीट काढून काहीतरी होऊ दे म्हणूनच बसलेला असतो. जे बघितलं ते नुसतं पडद्यावर राहिलं नाही, माझ्यापर्यंत आलं, असं त्याला म्हणायचं असतं.

एक साधी परीक्षा करून बघा. “सिनेमा अंगावर आला आणि मनाला भिडला” हे वाक्य कानाला नीट लागतं. “सिनेमा अंगावर आला पण भिडला नाही” हेही तितकंच नीट लागतं. आता “मनाला भिडला पण आवडला नाही” म्हणून बघा, काहीतरी अडतं, लगेच खुलासा द्यावासा वाटतो. म्हणजे ‘भिडणे’ या शब्दात पसंती आधीच मुरलेली आहे, ‘अंगावर येणे’त ती नाही. ‘रटाळ’ आणि ‘संथ’ यांचंही तसंच, रटाळ म्हटलं की निकाल लागला, संथ म्हटलं की अजून बोलायला जागा आहे. ‘सैराट’च्या हैदराबादच्या भागाबद्दल लोक हे दोन्ही शब्द वापरतात आणि तिथं कोण कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं, घोळ होतो तो शेवटाबद्दल बोलतानाच.

आणि तो शेवट या शब्दासाठी फार महत्त्वाचं उदाहरण आहे असं मला वाटतं. सिनेमा २९ एप्रिल २०१६ ला आला, दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे आपल्या जिल्ह्यात यावर मत नसलेला माणूस शोधावा लागेल. आता बघा, रंग किंवा स्पीकर अंगावर येतो तेव्हा कारण भडकपणा असतं, जास्त झालेलं असतं. या शेवटात तर उलट आहे, पळून जाऊन लग्न केलेल्या दोघांना मुलीच्या घरचे मारतात, पण मारताना दाखवलेलंच नाही, अजय-अतुलचं एवढं गाजलेलं संगीत आधी वाजून गेलंय आणि शेवटाला आवाजच काढून घेतलाय, त्यांचं ते लहान मूल आणि त्याची रक्ताची पावलं, बस्स. तरी अंगावर येतो असं दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात. म्हणजे वहिनींची तक्रार भडकपणाची नसणार. पहिला अर्धा भाग आम्हाला हसवलंत, नाचवलंत, बेसावध ठेवलंत आणि मग हे केलंत, अशी ती तक्रार असणार, आणि तो बैलाचा जुना अर्थ आहे, न सांगता आला आणि बाजूला व्हायला वेळ दिला नाही. भाऊ त्याच बेसावधपणाला दाद देतोय, कारण त्याच्या मते असे खून असेच होतात, आधी सांगून येत नाहीत. मी स्वतः या वादात भावाच्या बाजूनं आहे, पण वहिनींचं म्हणणं कच्चं आहे असं अजिबात नाही, प्रेक्षकाला असं गाठावं की नाही हा खरा प्रश्न आहे आणि शब्दाचा अर्थ लावून तो सुटणार नाही.

जवळचे दोन वाक्प्रचार यात मिसळू नका. ‘अंगावर काटा येणे’ यात काटा येतो तो आपल्याच अंगाचा, सिनेमा काही अंगावर येत नाही, म्हणून त्याची तक्रार सहसा कुणी करत नाही. आणि ‘अंगात येणे’ वेगळंच, ते देवाचं. सोलापुरात हे मुद्दाम सांगायला पाहिजे कारण घरी कन्नड बोलणारे आपल्याकडं भरपूर आहेत आणि कन्नडमध्ये देव ‘मैमेले’ येतो, म्हणजे शब्दशः अंगावर. आपण मराठीत ‘आत’ म्हणतो तिथं ते ‘वर’ म्हणतात, त्यामुळं कन्नड घरातला मित्र म्हणाला की गाण्यात पब्लिकच्या अंगावर आलं होतं, तर त्याला अंगात आलं होतं म्हणायचं असू शकतं.

लिहिताना काय करावं असंही तुम्ही विचारलंय. अख्खा सिनेमा अंगावर येतो असं मोघम लिहू नका, काय आलं ते लिहा आणि पुढं एक ‘आणि’ किंवा ‘पण’ जोडा. “शेवटची शांतता अंगावर येते आणि तीच लक्षात राहते” हे भावाचं वाक्य. “शेवट अंगावर येतो, पण आधीच्या गोष्टीनं त्याची तयारी केलेली नाही” हे वहिनींचं. एवढं लिहिलंत की वाचणाऱ्याला सूर ओळखत बसावं लागणार नाही, त्याला भांडायचं असेल तर तो थेट सिनेमावरून भांडेल.