‘ओके’ची जन्मकथा

प्रश्न : ‘ओके’ हा शब्द अमेरिकेतील चोक्टॉ या आदिवासी भाषेतून आला, असे वाचले. हे खरे आहे काय?

उत्तर : हा तर्क एकेकाळी बराच मान्य होता; मात्र भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६०च्या दशकात जुनी वृत्तपत्रे धुंडाळून मांडलेला पुरावा वेगळे सांगतो आणि आम्हांला तोच ग्राह्य वाटतो. १८३०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या पत्रकारांमध्ये, शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांची आद्याक्षरे वापरण्याची चेष्टेखोर टूम निघाली होती. तीनुसार ‘ऑल करेक्ट’चे ‘ओल कोरेक्ट’ (oll korrect) झाले आणि ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’च्या २३ मार्च १८३९च्या अंकात ‘ओ. के.’ छापून आले. ‘ऑल राइट’साठीही असेच ‘ओ. डब्ल्यू.’ (oll wright) लिहिले जाई, पण ते लवकरच विस्मरणात गेले. ‘ओके’ टिकले, कारण १८४०च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या समर्थकांनी त्यांच्या किंडरहुक या जन्मगावावरून पडलेल्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावाची आद्याक्षरे घोषणेसारखी वापरली. ब्यूरन त्या निवडणुकीत पराभूत झाले. शब्द मात्र निवडून आला, असे गमतीने म्हणता येईल.