स्कोअर शून्य आला म्हणून मुलाला घरी सोडायचं का?

तुम्ही विचारलंय की मुलाचा बॅक्टेरियल मेनिंजायटिस स्कोअर (मेंदूज्वर जिवाणूंचा असण्याची शक्यता मोजणारे गुण) शून्य आला, तर अँटिबायोटिक न देता घरी सोडता येईल का.

जत-आटपाडीकडून सांगली-मिरजेला येणाऱ्या पोरांबद्दल विचारत असाल, तर आधी त्याचे दंड आणि कुल्ले बघा. सुईची ताजी खूण दिसली की स्कोअरचा कागद बाजूला ठेवा. आधीच्या ७२ तासांत अँटिबायोटिक गेलेलं मूल या स्कोअरमध्ये बसतच नाही. आईला 'अँटिबायोटिक दिलं का' असं विचारलंत तर ती 'नाही' म्हणेल. 'बाटलीतल्या पांढऱ्या पावडरीत पाणी घालून हलवलं का' असं विचारा.

असंच एक ४ वर्षांचं पोर. ३ दिवस ताप, उलट्या, मान ताठ, झटका नाही. पाठीच्या कण्यातून सुईनं काढलेल्या पाण्यात पेशी ४२०, त्यात न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६५ टक्के, म्हणजे २७३. प्रोटीन ७४. ग्रॅम स्टेनवर (रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू शोधायची तपासणी) काही नाही. रक्तात पांढऱ्या पेशी १३,०००, न्यूट्रोफिल ७० टक्के, म्हणजे ९,१००. (इथं सगळ्या पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट धरून गुण देणारे बरेच भेटतात. १०,००० ची रेषा न्यूट्रोफिलची आहे.) पाण्यातल्या न्यूट्रोफिलची रेषा १,०००, प्रोटीनची ८०. सगळं खालीच. स्कोअर शून्य, आणि सीनियरांनी केसपेपरवर 'व्हायरल' लिहून टाकलं.

पण पाण्यातली साखर २२ होती, त्याच वेळची रक्तातली ९६. पाव हिस्साही नाही. साखर या स्कोअरमध्ये मोजत नाहीत, म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. नमुना टेबलावर पडून राहिला असता तर पेशींनी साखर खाल्ली म्हणता आलं असतं. हा अर्ध्या तासात लॅबला पोचला होता. शिवाय गावात अँटिबायोटिकची २ इंजेक्शनं झालेली. अर्धवट औषधानं ग्रॅम स्टेन आणि कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून बघायची तपासणी) आधी कोरे पडतात, पेशी नि साखर मागाहून सुधारतात. मेनिंगोकोकस हा जिवाणू तर शिरेतून औषध गेल्यावर २ तासांत कल्चरमधून नाहीसा होऊ शकतो.

भांडणं झाली, सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक चालू झालं, किलोला रोज १०० मिलिग्रॅम, १० दिवस. पोर बरं होऊन घरी गेलं. कल्चर कोरं आलं, आणि सीनियर आजही म्हणतात, 'बघ, व्हायरलच होतं.' दोन इंजेक्शनं घेतलेल्या पोराचं कल्चर कोरं येणार नाही तर काय येणार?

स्कोअर टाकाऊ आहे असं नाही. २००७ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात शून्य आलेल्या १,७१४ मुलांपैकी फक्त २ जणांना जिवाणूंचा मेंदूज्वर निघाला, दोघंही २ महिन्यांच्या आतले. तेव्हा मूल २ महिन्यांवरचं, औषध न घेतलेलं, अंगावर जांभळे चट्टे नाहीत, डोक्यात शंट (पाणी काढून देणारी नळी) नाही, फार आजारी दिसत नाही, तर शून्यावर अँटिबायोटिक न देता थांबता येतं. मात्र ताप आठवडाभराचा आणि पाण्यात लिम्फोसाइट (दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) जास्त असतील तर क्षयाच्या मागं लागा, तिथं हा स्कोअर उपयोगाचा नाही. आणि रात्रीच्या एसटीनं जतला परत जाणाऱ्या पोराला शून्य असला तरी कल्चरचा पहिला रिपोर्ट येईपर्यंत वॉर्डातच ठेवा.