वेळासला कासवं बघायला जाताय? मग दोरीच्या मागे

प्रश्न : मार्चमध्ये मुलांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवाची पिल्लं बघायला जायचंय. माझी नणंद जाऊन आलीये, ती म्हणते दोरीमागे उभं करतात, पिल्लाला हात लावू देत नाहीत, फ्लॅश तर नाहीच. किनारा सगळ्यांचा आहे ना? आणि एवढं जपायचंय तर लोकांना बोलावतात कशाला?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. लोकं येतात म्हणूनच तर कासवं टिकलीत तिथे. पूर्वी अंडी माणसंच काढून न्यायची, उरली तर कुत्री-कोल्ही उकरायची. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरून काम सुरू केलं, म्हणजे पहाटे वाळूत मादीच्या खुणा शोधायच्या, एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात ती अलगद काढून कुंपणातल्या खड्ड्यात ठेवायची आणि मग 45 ते 60 दिवस राखण. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांतच राहायला लागले, मोदक-बिदक खाऊन चार पैसे देऊन जायला लागले, मग अंडी चोरणार कोण? पर्यटन म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी हे बघायला हवं खरं तर.

आता दोरी. पिल्लू तळहातावर मावेल एवढंसं, आपल्या पावलाचा ठसा म्हणजे त्याला खड्डाच, त्यात उलटं पडलं की बसलं हातपाय मारत. शिवाय ते समुद्रावरच्या उजेडाकडे निघालेलं असतं, तुम्ही मोबाईलचा टॉर्च मारलात की वळलंच इकडे. आणि ही कासवं ऑलिव्ह रिडले जातीची, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, त्यामुळे उचलून सेल्फी वगैरे विसराच. मला तर दोरीमागच्या गर्दीची नाही, रात्री वाळूत गाड्या घालणाऱ्यांची आणि किनाऱ्यावर फोकस लावणाऱ्यांची जास्त भीती वाटते, त्यांना कोण दोरी बांधणार!

एक मात्र आहे, पिल्लं रोज दिसतीलच असं नाही. सकाळ-संध्याकाळ घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात, खाली काही नसलं तर नसतं. म्हणून मुक्काम करा, निघायच्या आधी गावात फोन करून विचारा. हरिहरेश्वरकडून येणार असाल तर बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट आहे, गाडीसुद्धा चढते.