डायलिसिसवरील रुग्णाची ठिसूळ हाडे आणि सहा महिन्यांचे इंजेक्शन

आपल्या आईंचे डायलिसिस बेळगावला चालू आहे आणि कोल्हापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी डेक्सा तपासणी पाहून डेनोसुमॅब या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचे, दर सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन सुचवले आहे. ते घ्यावे का, असे आपण निपाणीहून विचारले आहे. मी डॉक्टर नाही, घरातले डायलिसिस बरीच वर्षे सांभाळत आलो आहे, एवढाच माझा अधिकार. माझ्या मते औषध वाईट नाही. मात्र किडनीच्या डॉक्टरांचा होकार मिळाल्याशिवाय ते टोचून घेऊ नये.

डेक्सावरून हाडांची घनता कळते, हाडांत काय बिघडले आहे ते कळत नाही. मूत्रपिंड निकामी झाले की फॉस्फरस साचतो, ड जीवनसत्त्व सक्रिय होत नाही, पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक) वाढते आणि ते हाडांतले कॅल्शियम ओढून घेते; उलट काही रुग्णांत हाडांची झीज-भर जवळजवळ थांबलेली असते. दोन्हींत डेक्साचा आकडा कमीच येऊ शकतो, पण उपचार वेगळे. म्हणून आधी रक्ततपासणीत पीटीएच, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेस आणि ड जीवनसत्त्व पाहावे. (पीटीएचपुढे ‘जास्त’ असा शेरा दिसला तरी घाबरू नये; डायलिसिसवर ते सामान्य कमाल पातळीच्या २ ते ९ पटींपर्यंत चालवून घेतात.)

अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड ही ठिसूळ हाडांवरची नेहमीची औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून ती सहसा टाळतात. डेनोसुमॅबला ती अडचण नाही, पण त्याने डायलिसिसच्या रुग्णांचे कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकते, अशी सर्वांत कडक सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये दिली. हा धोका इंजेक्शननंतरच्या काही आठवड्यांतला असतो, त्यामुळे पहिला महिनाभर दर आठवड्याला आणि नंतर दरमहा कॅल्शियम तपासण्याची व्यवस्था डायलिसिस केंद्राशी आधीच ठरवावी. ओठांभोवती मुंग्या येणे, बोटे आवळून वाकडी होणे, छातीत धडधडणे यांपैकी काहीही झाले तर डायलिसिसच्या पुढच्या पाळीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

फॉस्फरस कमी ठेवण्याच्या गोळ्या जेवतानाच घ्यायच्या असतात. रात्रीच्या इतर गोळ्यांबरोबर उपाशीपोटी घेतल्या तर त्या जवळजवळ वाया जातात, आणि हे घरोघरी होते.

आपल्या सीमाभागात हाडांचा कागद एका शहरात, किडनीची फाइल दुसऱ्या शहरात, असे नेहमीचेच. दोन्हींच्या प्रती एकत्र ठेवाव्यात आणि दोन्ही डॉक्टरांचे एकमेकांशी फोनवर बोलणे करून द्यावे. इंजेक्शन सुरू झालेच, तर कोल्हापूरची फेरी जमली नाही म्हणून पुढची मात्रा लांबवू नये, कारण हे औषध मध्येच सुटले की मणक्यांचे फ्रॅक्चर होण्याचा धोका वाढतो. तीच मात्रा बेळगावात देता येईल का, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्यावे.